तेजसची उडती स्लाइड

सावदा

प्रिय तेजस,

काका-काकूंचे भरभरून आशीर्वाद. पुण्यात तुझी तब्येत बरी असेल, मेसची भाजी अजून पाणचटच असेल. पित्त झालं तर काकूने दिलेला मोरावळा खा (कपाटात ठेवायला नव्हता दिला). आमचं इथे छान आहे. केळी कापणीला आली आहे, आणि माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरत आहेत.

आता रागावू नकोस. परवाच्या रविवारी जळगावला आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा झाला, आणि त्यात मी तुझं नाव परस्पर दिलं. आयोजकांनी एकच साधी स्लाइड मागितली होती : फोटो, शिक्षण, मामांचं गाव. पण चौतीस वर्षांचा मुलगा साध्या स्लाइडवर उभा केला तर लोक त्याचं वयच तेवढं वाचतील, असं मला वाटलं. म्हणून तीन दिवस खपून मी सगळ्याला ॲनिमेशन लावलं. तुझा फोटो वरून टप्पे खात आला. इथपर्यंत लोक शांत होते. मग शिक्षण एकेक अक्षराने उमटू लागलं, आणि प्रत्येक अक्षराला मी टाळ्यांचा आवाज दिला होता. लोकांना वाटलं, आपणही वाजवायच्या असतात. ‘अभियांत्रिकी’ पुरं होईपर्यंत पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात दुखून आले. शेवटी मामांच्या गावासाठी बटण दाबलं, तर तुझा फोटो गिरक्या घेत पडद्याबाहेर निघून गेला (तो इफेक्ट यायचा नसून जायचा होता, हे मला तेव्हा कळलं). मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, पोऱ्या कुठी गेला?” मी उठून म्हणालो, “पुण्याला!” मग जो हशा पिकला, तो थांबेना.

तेव्हा मात्र माझी चूक माझ्या लक्षात आली. दादा-वहिनी गेल्यापासून तुझं लग्न लावून देणं माझ्याकडे आहे, आणि मी चारचौघांत तुझं हसं करून बसलो. बाळा, मला माफ कर.

तुझा,
पितांबरकाका

ता. क. : जेवणाच्या वेळी शिरपूरची डिंपल नावाची मुलगी येऊन विचारत होती, ही स्लाइड कोणी केली? ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी सांगितलं, मुलाने स्वतः. येत्या रविवारी ती आईवडिलांसह आपलं घर पाहायला येते आहे. तेव्हा शनिवारीच ये, आणि टाळ्यांचा आवाज कुठून लावतात तेवढं शिकून ये.

आणखी ता. क. : काकू म्हणते, “पोराले खरं सांगा.” तर खरं असं, की मी एक जास्तीची स्लाइड जोडून ‘निर्मिती : पितांबरकाका’ असं गोल गोल फिरवलं होतं, आणि डिंपलने ते आधीच वाचलं होतं. माझी थाप ऐकून ती आईकडे वळून हसत म्हणाली, “काका तर मला पसंत आहेत. आता मुलगा बघू.”