जर्दाळू आणि सुधारलेला समाज

१२ जून
बिश्केकमध्ये नळाला पाणी आता फक्त सकाळी. उत्तम! चटका बसल्याशिवाय माणूस सुधारत नाही, हे मी कधीपासून सांगतोय. बिल्डिंगचा अध्यक्ष म्हणून लगेच मीटिंग घेतली. ठराव: पाइप लावून गालिचे धुणं कायमचं बंद. भांड्यांचं पाणी अंगणातल्या वाळत चाललेल्या जर्दाळूला. रोप वडिलांनी बातकेनहून आणलं होतं. खाजगी बाब, ठरावात लिहिली नाही.

१५ जून, सकाळ
सगळे बादल्या घेऊन खाली. तिसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला मारातसुद्धा! समाज बदलला. बायको म्हणाली, समाज नाही, नळ बदललाय. नूरजमालला दूरचं दिसत नाही.

२१ जून
झाडाला पालवी! दिवसभर खिडकी सोडवली नाही. मारात मला मानाने ‘बायके’ म्हणतो, म्हणजे दादा. त्याने विचारलं, बायके, पाणी आल्यावरही हे चालणार का? म्हणालो, लागलेली सवय सुटत नसते. हसला. तीन वेळा सिगारेट सोडलेला माणूस, त्याला काय कळणार.

२६ जून
नळाला पुन्हा दिवसभर पाणी. मला चैन पडेना. झाडापाशी एकच बादली, माझी. बाकीचे दमले असतील. तळमजल्यावरच्या आइचुरोक एजे, बिल्डिंगच्या ताई, पाइप जोडत होत्या. हटकलं. म्हणाल्या, गळतो का बघतेय. उत्तर पटलं.

२८ जून
मुलीचे होणारे सासू-सासरे उद्या संध्याकाळी येणार. नूरजमाल म्हणते, त्यांना धुळीत बसवू? ठरावाची आठवण दिली. म्हणाली, मग ठरावच अंथरते.
अपवाद म्हणून एकच गालिचा. पहाटे, सगळे झोपेत असताना. निथळलेलं पाणी झाडालाच जाईल, म्हणजे ठराव मोडत नाही.

२९ जून, पहाट
पाइप घेऊन उतरलो. अंगणात अख्खी बिल्डिंग, घोट्यापर्यंत फेस. आइचुरोक एजे म्हणाल्या, या अध्यक्ष, उशीर केलात! कुंपणावर गालिचा टाकायला जागा नाही. मग मी आणि मारातने आमचा धुतलेला गालिचा उचलून जर्दाळूवर टाकला. पाण्याने नुसता दगड झालेला. मारात म्हणाला, बायके, झाड पेलेल ना? म्हणालो, माझ्या वडिलांच्या हातचं आहे.

दुपार
झाड बुंध्यापर्यंत चिरलं. गालिचा स्वच्छ आहे.
मारातने करवत आणून दिली. एक टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.
नूरजमालने विचारलं, व्याह्यांना चहाबरोबर आपल्या जर्दाळूचा मुरंबा ठेवू?
म्हणालो, नको. ती बरणी राहू दे.