आरू मला काकी म्हणते

१२ नोव्हेंबर, अंथुर्णे
आरूने आज पाहुण्यांसमोर मला 'काकी' म्हणून हाक मारली. पोटची पोरगी, आणि मी काकी. थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे अक्कांची मुलं मला काकी म्हणतात, त्यांचं ऐकून हीही शिकली. अक्का तिची 'आई'. सगळ्यांना गंमत वाटते. ह्यांनासुद्धा. "आगं, मी बी आईला वहिनीच म्हणत हुतो की." म्हणत असाल. तुमच्या आईला तुम्हाला कडेवर तरी घेता येत होतं.

१५ नोव्हें.
बारामती. डॉक्टर, इको. जन्मतः हृदयाला होतं ते भोक लहानपणी बुजवलं, ते ठीक. झडपही जन्मापासूनच अधू, ती आता फार गळतेय. ऑपरेशन लागणारच, पुण्याला. वजन उचलायचं नाही, पुन्हा बजावलं. पोरीला घेऊ नका असं सरळ म्हणत नाहीत. वजन म्हणतात.
घरी आले तर आरू अक्कांच्या कडेवर. माझ्याकडे झेपावलीही नाही. ही घेत नाही, हे तिला पाठ झालंय. जीव नुसता जळला. अक्का माझ्या पोरीसाठी राबतात, कळतं मला. तरी त्यांच्या धडधाकट कमरेचासुद्धा हेवा वाटतो. वैरणीचा भारा काय, आरू काय, सहज उचलतात.

१८ नोव्हें.
दार लावून आरूला शिकवायला बसले.
"मी कोण?"
"काकी."
"न्हाय. आई."
खडीसाखर दिली. मग बरोबर म्हणाली. लाच तर लाच.
अक्कांना 'मोठी आई' म्हण, असं सांगता आलं असतं. त्यातही आई येतं, म्हणून नाही सांगितलं. काकी म्हणायला शिकवलं.

२१ नोव्हें.
जमलं! सकाळी अंगणातून "आई" अशी हाक. अक्का सवयीने "व्हय गं" म्हणत उठल्या, आणि आरू त्यांना मागे टाकून माझ्याकडे आली. इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.
भाकरी थापताना अक्का हळूच म्हणाल्या, "बरं झालं. आता मला काय म्हणायचं तिनं?"
"काकी. नात्यानं काकीच की तुमी."
त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. दुपारी आरूला भरवायला मात्र त्याच बसल्या, मी पडून होते. दम लागत होता.

२६ नोव्हें.
पुण्याहून फोन. सोमवारी भरती व्हायचं.
आरू अक्कांकडेच राहणार, दुसरं आहे कोण. तिचे कपडे त्यांनी आजच त्यांच्या खोलीत नेले. एवढी घाई कशाला ते...
मी विचारलं, "माझ्यासाठी रडली तर?"
"मी हाय न्हवं."
ह्या 'मी हाय'चाच राग येतो.

रविवार
उद्या पहाटे निघायचं. बॅग भरली.
संध्याकाळी आरू पेंगुळली. हात वर करून अक्कांना म्हणाली, "काकी, घे." अक्कांनी घेतलं, पण तोंड उतरलं त्यांचं.
माझं काही बरंवाईट झालं तर ह्या पोरीला आई म्हणायला घरात कुणी उरणार नाही. मीच काढून घेतलं ते. तिला सांगायला हवं, अक्कांनाही आई म्हण. तेवढ्यासाठीच जवळ गेले. तिचे केस मागे सारले.
अक्का म्हणाल्या, "काय सांगायचंय का तिला?"
"न्हाय," म्हटलं.
परत आल्यावर सांगेन.