कशीही घातली तरी बसणारी पिन

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात एकच वायर होती, दिव्याची. आता डिचोलीच्या बाजारात मुलाच्या मोबाईलच्या दुकानात मी पुढे कदेलावर पाठ टेकून बसते आणि माझ्या पाठीमागे भिंतभर वायरी लोंबतात. मुलगा आत फोन उघडून बसतो, वायरी विकायचे काम माझे. तुम्ही तिसरीतून काढलेल्या मुलीचे. बारीक गोल पिन जुन्या बटणांच्या फोनची, ती आता माझ्या वयाचेच लोक मागतात. नंतर आली साधी पिन, एका अंगाने रुंद, दुसऱ्या अंगाने निमुळती. ती एकाच बाजूने आत जाते, उलटी लोटली तर फोनचे तोंड बिघडते. सी पिन दोन्हीकडून सारखी, कडा गोल, कशीही घाला, बसते. महागड्या फोनांची एक चपटी जीभ असते, तिच्या अंगावर सोनेरी रेघा. आणि काही वायरी नुसती वीज नेतात, फोटो नेत नाहीत, कारण आत चाराच्या जागी दोनच तारा. वरून दिसत नाही. हातात घेतली की मला कळते. मोतीबिंदू डोळ्यांना झाला आहे, बोटांना नाही.

तुम्ही सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांचे वायरिंग करायचात. जेवण झाले की स्वयंपाकघरात तारांचे तुकडे जमिनीवर मांडून भावाला शिकवायचात. ही हॉर्नची, ही दिव्यांची, ही गाडी चालू करणाऱ्या सेल्फची. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, चुलीपाशी भांडी घासते आहे. तुम्ही एक तार उचलून त्याला विचारता. पुन्हा विचारता, तो नाक ओढतो. मी म्हणते, ‘सेल्फची.’ बरोबर होते ते. तुम्ही तीच तार माझ्या हातावर ओढलीत. ‘तुका कोणी विचारला?’ चुकले असते तर मार समजला असता. जूनमध्ये शाळा उघडली, भाऊ नवी पाटी घेऊन गेला आणि मी लोकांच्या कुळागरात सुपाऱ्या सोलायला. आईने हाताला खोबरेल लावले आणि मलाच शिव्या दिल्या. तुमच्याविषयी चांगले लिहायला एखादी गोष्ट शोधत होते. मिळाली नाही.

तुमचा तो वायरमन, माझा भाऊ, आता सत्तरीला टेकला. बायको गेली, हात कापतात, शेजाऱ्यांशी वाकडे. ते तुमच्याकडूनच आले. त्याला माणूस उरले आहे ते एकच, लिस्बनला असलेली मुलगी, रोज संध्याकाळी फोनवर दिसते तेवढीच. गेल्या महिन्यात बुधवारच्या बाजाराला तो दुकानात आला. त्याची वायर उंदराने कुरतडली होती, फोन घरी मरून पडला होता. त्याच संध्याकाळी मुलीचे पोटाचे ऑपरेशन, आत नेण्याआधी ती बापाला फोन करणार होती. हे सगळे मला माहीत होते. तिने पाठवलेला फोन मीच त्याला चालू करून दिला होता. सी पिनचा.

‘बाय, वायर दी गो.’

‘खंयची?’

‘मोबायलाची.’

‘मोबायलाच्योच आसत सगळ्यो. खंयची ती सांग. वायरमन मरे तू.’

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. तो माझ्या कानाशी वाकून हळू म्हणाला, ‘माका कळना गो. तूच दी.’ साठ वर्षे मी हे ऐकायला थांबले होते. ऐकले, आणि म्हटले, ‘शिकलस तू, मी खंय शिकलंय? तूच काढ.’ त्याने बोटाने साध्या पिनेची दाखवली, कारण ती पुढे होती. सी पिनची माझ्या कोपराला लागत होती.

‘हीच मरे?’

‘तू काढलीस ती.’

मी ती पिशवीत घालून दिली. शेवटची बस चुकेल म्हणून तो पाय ओढत पळाला.

घरी जाऊन त्याने ती फोनात जोर करून कोंबली. ट्रकाची तार बसली नाही तर ठोका, हे तुमचेच शिक्षण. फोनचे तोंड आतून मोडले. तिन्हीसांजेला भाचीचा फोन माझ्याकडे आला. अंगात हॉस्पिटलचा झगा, हाताला सुई. ‘आत्ये, बाबा फोन घेनत ना. बरे आसत मरे?’

‘बरो आसा. न्हिदला आसतलो,’ मी त्याला झोपवून टाकले.

‘आज पण?’

खरे सांगायला एक वाक्य पुरे होते. ते मी तिला दिले नाही. तिने फोन ठेवला.

ऑपरेशन चांगले झाले. माझ्या मुलाने भावाच्या फोनाला नवे तोंड बसवले, मी त्याला सी पिनची वायर दिली. आणि सांगितले की मागची वायर कंपनीतूनच खराब आली होती. त्याने ते खरे मानले आणि मुलीलाही तेच सांगितले; तिला ते निमित्त वाटले असणार, कारण मी तिला तो झोपला असेल म्हणाले होते. पण मुलगी आता रोज फोन करत नाही. आठवड्याने करते, जेवलात का विचारते, ठेवते. ती बरी होऊन कामावर जाऊ लागली तरी तसेच. भाऊ फोन पूर्ण भरून जनेलाशी बाहेर बघत बसतो. बाजाराला आला की मला विचारतो, ‘ती अशी कित्याक वागता गो?’ मी म्हणते, परदेशात माणसे बदलतात.

हे मी वायरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिते आहे, तिसरीच्या अक्षरात. उद्या हाच पुठ्ठा बंब पेटवायला जाईल. मला वाटले होते, त्या दिवसाचे सुख मरेपर्यंत पुरेल. पुढच्या बुधवारपर्यंतसुद्धा पुरले नाही. भाचीचा नंबर मला पाठ आहे. अजून लावलेला नाही.