टपरीवरचे नवे पत्रे

बाबा, नकाशा कार्यालय हलणार अशी आवई पुन्हा उठली आहे. तुमच्या वेळी ते अफवेत दर उन्हाळ्यात नागपूरला जायचं आणि पावसाळ्यात जागच्या जागी असायचं. आता इथंच, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जाणार म्हणतात. गेटजवळची आपली चहाची टपरी आई चालवते, म्हणून कुठलीही अफवा आधी तिच्या बाकड्यावर येऊन बसते. परवा तुमच्या वेळचा चपराशी बशीत चहा ओतत म्हणाला, "बाई, खोकं बांधून ठेवा. ऑफिस चाल्लं." आई म्हणाली, "माह्यं लग्न झालं तवापासून जाऊनच राह्यलं ते. जाईन तवा चहा पिऊनच जाईन." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तुम्हीही असेच हसवायचे. "भाऊ, तुमची टपरी ट्रकमधी टाका," असं हाच चपराशी म्हणाला की तुम्ही म्हणायचे, "टाकतो ना. नाईतं तिथी साहेबाच्या चहात अद्रक कोन टाकन?" घरी आईने विचारलं की "अफवा हाय" एवढंच बोलून जेवायला बसायचे. भामरागडच्या बसने आलेली माणसं आधी आपल्या बाकड्यावर टेकायची. जंगलातल्या जमिनीच्या दाव्यासाठी त्यांना नकाशा हवा असायचा, आणि कोणत्या टेबलाशी जायचं ते तुम्ही सांगायचे. मी शाळेतून आले की त्यांच्या मागे जाऊन खिडकीला नाक लावायची. एकदा तुम्ही मला दंडाला धरून ओढलंत. "आत जाचं असन तं दरवाज्यातून जा. खिडकीतून काऊन पाह्यतेस?" त्या दिवशी मी रडले होते. पुढे पदवी झाली, कंत्राटी का होईना नोकरी लागली, आणि मी त्या दरवाज्यातून आत गेले. तेव्हा तुम्ही नव्हता.

मागच्या आठवड्यात साहेबांनी मला जुन्या आवाराचा आराखडा करायला दिला. ऑफिस खरंच जाणार आहे, बाबा. आवारात काय काय आहे ते आराखड्यावर दिसलं, की नव्या जागी कोणाला जागा द्यायची ते त्यावरून ठरणार. मी टेप घेऊन फिरले. विहीर घेतली, कडुनिंब घेतला, सायकल स्टँड घेतलं आणि गेटजवळ एक लहानसा चौकोन काढला. साहेब स्क्रीनकडे वाकले. "हे काय?" "चहाची टपरी, सर." रोज तिथलाच चहा पितात ते, आणि ती कोणाची हेही त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले, "तात्पुरतं काही घ्यायचं नसतं. काढून टाक. आणि सही होईपर्यंत बाहेर बोलू नकोस." मी "हो सर" म्हणाले. सायकल स्टँडसुद्धा चार खांबांवरचे पत्रेच आहेत, आणि ते आराखड्यात चालतं. हे मला जिना उतरताना सुचलं. नकाशात जे खरं आहे ते सगळं यावं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे काम निवडलं होतं. कॉलेजात तसं भाषणही केलं होतं.

त्याच संध्याकाळी आई स्टोव्ह पुसत होती. वर पाहून म्हणाली, "पावसाच्या आधी पत्रे बदलाचे हायेत. मागच्या साली पातेल्यात पानी पडलं. तू तं आतमधीच असते. खरं सांग, ऑफिस जाते का? बदलू का नोको?" मी चपला काढत होते. "अफवा हाय, आई," मी म्हणाले. शब्द तुमचे, आणि आवाजही जवळजवळ तुमचाच. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि मी पाणी प्यायला आत गेले. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. तुम्ही प्रत्येक टेबलापर्यंत चहा नेत होता. तुमच्या कानावर काहीच येत नव्हतं का? की सगळं ठाऊक असूनच तुम्ही "अफवा हाय" म्हणून ताटावर बसायचे?

आज रविवार. ऑफिस बंद आहे, आणि हातगाडीवरून पत्रे आले आहेत. कडुनिंबाखाली उतरवलेत, नवे, डोळे दिपवणारे. आई दोरीने माप घेते आहे. मी बाकड्यावर बसून हे लिहिते आहे; ऑफिसचं काम आहे असं तिला वाटतं. चौकोन मी अजून पुसलेला नाही. उद्या साहेब फाइल उघडतील तेव्हा सायकल स्टँडपासून बोलायला सुरुवात करायची, हे मी मनाशी घोकून ठेवलं आहे. तेवढी हिंमत होईल असं वाटतं. पण "इकडे ये वं, टोक धर" म्हणून हाक मारणाऱ्या आईसमोर तोंड उघडत नाही.

हे सगळं खरं तर तिला सांगायचं होतं, बाबा. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.