खोटा गुण्या

खीवा, ७ नोव्हेंबर २०१२

भावा बेकजान, तुला सलाम.

इथे सगळे ठीक आहेत. थंडी यंदा लवकर पडली. बाबांचे गुडघे धरलेत. दुकानात येतात, पण बसूनच असतात. परवा तुझ्या वहिनीनं भोपळ्याचे मंती वाफवले, तेव्हा तुझं नाव निघालं. मग कुणी फारसं जेवलं नाही.

गेल्या बुधवारी काटकोन आखण्यासाठी नवा गुण्या आणायला उर्गेंचच्या बाजारात गेलो. सरळ कडेची फळी बरोबर नेली होती. गुण्या कडेला टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. दोन्ही एकावर एक आल्या तरच गुण्या खरा. दुकानदार वैतागला, "उस्ता, गुण्या घेताय की सून बघताय?" चांगले चकचकीत चार खोटे निघाले. पाचव्याची रेघ एकच आली. तो घेतला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "का रे, माझ्या गुण्याला काय झालं?"

बेकजान, मी दमलोय. कामानं नाही.

मदरशाचं दार करायला घेतलं, त्याच्या आदल्या दिवशी बाबांचा गुण्या माझ्या हातून दगडी पायरीवर पडला. मी पुसून पेटीत ठेवला, कुणाला बोललो नाही. तू त्याच गुण्यानं झडपा आखल्यास. दार बसवलं तर वर बोटभर फट. बाबा चारचौघांत म्हणाले, "याचा हातच वाकडा." तू सांगत राहिलास, "बाबा, गुण्या लावूनच कापलंय हो!" मी शेजारीच उभा होतो, हातात पटाशी घेऊन.

तू कझानला गेल्यावर मी तो तपासला. दोन रेघा फाकल्या. तरीही गप्प बसलो, कारण दुकान माझ्या हाती यायचं होतं. नऊ वर्षं दुसऱ्याच एका लहान गुण्यावर काम रेटलं. आता तोही झिजला.

त्याच बुधवारी बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. काठी घेऊन चहाखान्यात गेले, मीही मागोमाग. दार बसवलं त्या दिवशीच्या माणसांपैकी दोघंच उरलेत. त्यांच्यासमोर म्हणाले, "बेकजाननं काम नीटच केलं होतं. मी त्याला उगाच घालवून दिलं."

परतताना मला म्हणाले, "त्याला ये म्हणून लिहू नकोस. ते मागायचा आपल्याला हक्क नाही. खरं काय ते तेवढं लिही."

लिहिलं.

आपली चूक तुझ्या माथी मारून दुकानाचा उस्ता झालेला,
मतयाकूब