घशातला विनातिकीट प्रवासी

मालगुंड, शनिवार

ती. धोंडूभावोजी यांना महिपतचा वाकून नमस्कार. (वाकताना मान दुखते, तरी वाकलो आहे, याची नोंद घ्यावी.) राजश्रीताईची कंबर कशी आहे, तुमचा डावा गुडघा काय म्हणतो आणि यंदा कलमांना मोहर कितपत आलाय, ते कळवावं. हे फोनवर विचारलं असतं, पण माझा नंबर दिसला की तुम्ही फोन पालथा घालून ठेवता, असं ताई म्हणाली. बरोबरच आहे तुमचं. तीन वर्षांपूर्वी जयगडच्या फेरीबोटीत, तुमच्या नव्या व्याह्यांसमोर, मी तुमच्या हातातली तंबाखूची डबी हिसकावून खाडीत फेकली, तेव्हापासून तुम्ही हेदवीहून खाडी ओलांडून आमच्याकडे आला नाहीत. डबी चांदीची होती आणि तुमच्या वडिलांची होती, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी माझी बातमी सांगतो, कारण ती ऐकून तुमचं अर्धं समाधान होईल.

मला घशाचा कॅन्सर झाला आहे.

हसून घ्या, मी थांबतो. ज्या माणसाने उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, ज्याने एसटीचा वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं रत्नागिरी स्टँडवर गाड्या सोडल्या आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात माइकवरून (महामंडळाने सांगितलेलं नसताना) लोकांना तंबाखूचे तोटे ऐकवले, त्याच माणसाला हे झालं. झालं कसं, तर गणपतीनंतर दाढी करताना मानेला लिंबाएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी तिला पाहुणी समजून गप्प बसलो. गोदाने आंबेहळद उगाळून लावली. महिन्याभरात माझी मान पिवळीधमक झाली, गाठ मात्र जागची हलली नाही. शेवटी रत्नागिरीत तुकडा काढून तपासायला दिला, तेव्हा कळलं की मूळ दुखणं टॉन्सिलमध्ये आहे आणि गाठ ही त्याची नुसती शाखा आहे.

वाडीत बातमी दुपारच्या जेवणाआधी पोचली, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की महिपत इतकी वर्षं चोरून खात होता. कुणी म्हणे माडाच्या खोडात पुडी लपवायचा, कुणी म्हणे स्टँडवर टेबलाच्या खणात. त्यातून गोदाने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मी नको म्हणत होतो, पण आजारी माणसाचं घरात कोण ऐकतं? बाबल्या गुरवाने नारळ ठेवला, सगळी वाडी हात जोडून उभी राहिली आणि त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान ल्हानपणापासून चोरून तंबाखू खाल्लान आसंल, वर लोकांना शानपन शिकवलान आसंल, तर ती चूक पोटात घाल नि ह्याचा घसा मोकला कर रं म्हाराजा." तुम्हाला माहीतच आहे, गाऱ्हाणं चालू असताना मधे तोंड घालता येत नाही. आणि बाबल्या थांबला की काय म्हणायचं, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. सगळ्या वाडीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. भावोजी, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. साठ वर्षांची सवय, काय करणार? देवासमोर, दीडशे माणसांच्या साक्षीने, न केलेला गुन्हा मी स्वतः कबूल केला. आता समोरच्या घरातला दीपक मला बघून डोळा मारतो आणि तळहात पुढे करतो.

मग मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉ. मृणाली म्हणजे आमच्या सर्वेशच्या वयाची पोर. तिने तुकडा पुन्हा तपासला आणि म्हणाली, काका, हा तंबाखूचा कॅन्सर नव्हेच. मला वाटलं, उठून तिच्या पाया पडावं आणि हे तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावं. पण पुढे ती म्हणाली की हा एचपीव्ही नावाच्या विषाणूचा प्रताप आहे, आणि हा विषाणू माणसांच्या जवळिकीतून येतो. मग तिने गोदाला जरा बाहेर बसायला सांगितलं. पहाटेची गाडी पकडून आलेली बाई बाहेर बसते होय? ती खुर्ची पुढे ओढून बसली. डॉक्टरीणबाईंनी जे प्रश्न विचारले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी एवढंच उत्तर दिलं की माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही. त्यावर ती हसली आणि म्हणाली, हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो, बहुतेकांच्या अंगातून आपसूक निघून जातो, थोड्यांच्या अंगात मुक्काम करतो आणि वीस-तीस वर्षांनी उठतो. कुणाकडून आला ते कळत नाही, शोधूही नका. परतीच्या प्रवासात गोदा चिपळूणपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, माझ्याकडून आला असेल तर? मी म्हटलं, आला असेल तर आला, लग्नातला आहेर परत करता येत नाही. ती हसली नाही. चार दिवसांनी भाकरी थापताना एकटीच हसायला लागली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास कागदावर गोल काढून मला जे समजावलं, ते ऐकताना मी आजार विसरलो. म्हणे आपल्या प्रत्येक पेशीत वीस हजार जनुकं असतात, म्हणजे कामं वाटून दिलेले हुकूम. त्यातल्या एका जनुकाचं काम काय, तर नियंत्रक घडवायचा. ब्रेक बिघडलेली गाडी आली की हा नियंत्रक तिला लाइनवर सोडत नाही, दुरुस्तीला पाठवतो, दुरुस्त होत नसेल तर मोडीत काढतो. भावोजी, एकतीस वर्षं मला वाटत होतं की हे काम रत्नागिरीत मी एकटाच करतो. माझ्या करंगळीतसुद्धा अब्जावधी महिपत ड्यूटीवर बसलेत, बिनपगारी, बिनरजेचे, आणि मला त्याचा पत्ता नाही.

आणि त्या विषाणूकडे जनुकं किती? आठ. आमच्या कँटीनला याहून जास्त माणसं होती. त्याला स्वतःचं असं काहीच बनवता येत नाही, म्हणून तो आपल्या पेशीत फुकट चढतो. त्यातलं एक जनुक गाडीचा ब्रेक काढतं. दुसरं त्याहून बिलंदर. ते नियंत्रकाला हात लावत नाही, नुसती त्याच्या पाठीवर कचऱ्याची चिठ्ठी चिकटवतं, मग आपल्याच पेशीतले झाडूवाले इमानेइतबारे त्याला उचलून नेतात. रोज नवा नियंत्रक येतो, रोज उचलला जातो. कधीकधी तर हा विषाणू आपल्या हुकुमांच्या मधोमध स्वतःचा मजकूर घुसवून कायमचा होतो. मी विचारलं, बाई, हे त्याला शिकवलं कुणी? ती म्हणाली, कुणीच नाही काका, हे सगळं बघताना आम्हीसुद्धा थक्क होतो.

पण पुढचं ऐका. माझ्या नियंत्रकाच्या नेमणुकीचा मूळ हुकूम अजून शाबूत आहे. त्याला एका अक्षराचाही धक्का नाही. रेडिएशनने त्या विषाणूच्या टोळीचा जोर मोडला तर तो पुन्हा खुर्चीत बसू शकतो, म्हणून माझ्या जातीचा कॅन्सर बरेचदा उपचारांना दाद देतो. हमी नाही, पण बरेचदा. इतके दिवस मार खाऊनही तो रोज कामावर हजर होतोय, हे ऐकून मला त्या टेबलासमोर रडू आलं. भीतीने नव्हे. मी अजिबात घाबरलेलो नाही. तंबाखूचं मात्र वेगळं, असं ती म्हणाली. तंबाखू बहुतेक वेळा मूळ हुकूमच खराब करते. मग येणारा प्रत्येक नियंत्रक आंधळा येतो, आणि ब्रेक नसलेल्या गाड्यांना हात दाखवून सोडत राहतो.

तर असं आहे. मला सगळं कळतं असं समजून मी जन्मभर लोकांना सुनावत आलो, आणि माझ्याच घशात काय चाललंय ते मला कळलं नाही. डबी फेकली ती चूक केली. चारचौघांत फेकली ती त्याहून मोठी. माफ करा.

ताईला नमस्कार. हे पत्र गुहागरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, तो हातात आणून देईल. पत्र पालथं घालून ठेवता येत नाही.

आपला,
महिपत

ता. क. पुढच्या सोमवारी मुंबईला उपचार सुरू होणार. सर्वेशला रजा नाही, गोदाला हॉस्पिटलच्या वासाने घेरी येते. सोबतीला कोणीतरी पुरुष माणूस हवा. तुम्ही यावं.

ता. क. दुसरा. वरचं खरं नाही. सर्वेशने रजा काढली आहे आणि गोदा ठणठणीत आहे. ताईने मला सांगितलं की तुमच्या उजव्या गालात आतून फोड आलाय, दोन महिने झाले तरी भरत नाही, आणि तुम्ही तिखट सार सोडून नुसत्या दहीभातावर आला आहात. तिने सांगितलं हे तिला बोलू नका. त्याच डॉक्टरीणबाईंकडे सोमवारी अकराचा नंबर तुमच्या नावाने घेतला आहे. त्या म्हणाल्या, लवकर आले तर पुष्कळ करता येतं. लवकर, हा त्यांचा शब्द.

ता. क. तिसरा. मी घाबरलेलो नाही असं वर लिहिलंय, तेही खोटं. तुम्ही आलात तर तंबाखूबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. काढताही येणार नाही, कारण तिसऱ्या आठवड्यापासून घसा सोलवटेल आणि महिनाभर आवाज फुटणार नाही, असं त्यांनी सांगितलंय. तीन वर्षांचं तुमचं जे काही बोलायचं राहिलं असेल, ते माझ्या खाटेशेजारी बसून बोलून घ्या. मी ऐकेन.