आमच्यात नाही चालत

प्रिय दादा,

माझ्या स्वानंदीचा होणारा नवरा ओनुर धार्मिक असेल तर मी मामा म्हणून लग्नाला उभा राहणार नाही, असं तू बजावलंस. म्हणून काल त्याला इथे अमेरिकेत ॲन आर्बरच्या घरी बोलावून थेट विचारलं. नमाज नाही, रोजे नाहीत, बिअर चालते. पण पोर्कवाला पिझ्झा त्यानं हळूच बाजूला सारला.

"मग हे काय?"

तो इंग्रजीत जे म्हणाला त्याचं मराठी एवढंच: "धर्म कुठला, काकू? आम्ही तुर्की. आमच्यात नाही चालत."

मला हसूच आवरेना. देव नाही म्हणून जन्मभर भांडलास, पण श्रावणात चिकन दिसलं की तूही हेच म्हणतोस!

तुमचं दोघांचं छान जमेल. पत्र मात्र पाठवत नाही. वाचून हट्टानं भर श्रावणात चिकन आणशील आणि वहिनी मला बोल लावेल.

तुझीच,
नंदा